लेकराला शेंगदाणा कधी द्यावा आणि कधी मुळीच देऊ नये

मराठवाड्यातील कोणत्याही स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीइतकाच शेंगदाण्याच्या कुटाचा डबा हाताशी असतो. वांग्याच्या भाजीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, एकादशीच्या साबुदाण्यात कूट, महाशिवरात्रीला भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी, सकाळच्या सुशील्यात तळलेले दाणे, आणि भाकरीबरोबर काहीच नसेल तर दाण्याची चटणी. अशा घरातील एखाद्या लेकराला शेंगदाण्याचीच अ‍ॅलर्जी असू शकते, हे सांगितले तर वडीलधारी माणसे सहसा विश्वास ठेवत नाहीत. त्यांचा अविश्वास अगदीच निराधार नाही, कारण इंग्लंड-अमेरिकेच्या तुलनेत आपल्याकडे ही अ‍ॅलर्जी खरोखरच कमी आढळते. पण ज्या घरात ती निघते, त्या घराची तयारी मात्र त्यामुळेच शून्य असते, हे मी माझ्या भाच्याच्या निमित्ताने पाहिले.

मी परभणी जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवते. माझी धाकटी बहीण जवळच्याच खेड्यात राहते. तिचा मुलगा चौदा महिन्यांचा असताना महाशिवरात्रीच्या दिवशी त्याच्या आजीने दाण्याच्या लाडवाचा नखाएवढा तुकडा कुस्करून त्याला भरवला. दहा मिनिटे झाली असतील नसतील, तोच तो ओठ चोळू लागला, पोटावर आणि मांड्यांवर लालसर गांध्या उठल्या आणि त्याने लागोपाठ दोन उलट्या केल्या. आजी म्हणाल्या, "पित्त उठलंय लेकराला, आमसूल भिजवा लवकर." आमसुलाचे पाणी अंगाला लावेपर्यंत त्याचा रडण्याचा आवाज घोगरा झाला होता. मोटारसायकलवरून तालुक्याच्या दवाखान्यात नेले, तिथे खाज कमी करणारे इंजेक्शन देऊन बाकावर थांबायला सांगितले गेले. पोर मान टाकू लागल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले आणि पाच-सात मिनिटांत त्याचा चेहरा पुन्हा माणसात आला. त्या दिवशी जे घडले त्यातले काय टाळता आले असते, याचा मी त्यानंतर दोन वर्षे अभ्यास केला आणि डॉक्टरांना सतत विचारत राहिले. त्यातून समजलेले येथे मांडत आहे.

सुरुवात 'पित्त' या शब्दापासूनच करावी लागेल. आपल्याकडे छातीत जळजळ झाली तरी पित्त, डोके दुखून उलटी झाली तरी पित्त, आणि अंगावर गांध्या उठल्या तरी पित्तच. फार दाणे खाल्ल्यावर मोठ्या माणसाला जळजळ होते, ते पचनाचे दुखणे आहे आणि त्याचा अ‍ॅलर्जीशी संबंध नाही. गांध्या उठणे ही मात्र शरीराच्या संरक्षणव्यवस्थेची प्रतिक्रिया असते. दोन्हींना एकच नाव असल्यामुळे दुसऱ्या प्रकारालाही आपण पहिल्यासारखेच सौम्य समजतो. अंगावर अधूनमधून उठणाऱ्या साध्या गांध्यांवर कोणी आमसूल चोळले तर त्यात बिघडत काही नाही. पण काही खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांध्यांबरोबर उलटी, खोकला, आवाजात बदल किंवा ग्लानी दिसली, तर आमसूल भिजवण्यात जाणारी मिनिटे परत मिळत नाहीत.

आत नेमके काय घडते, ते पाहू. शेंगदाणा हा बदाम-काजूच्या जातीचा नव्हे. तो तूर, हरभरा, मूग यांच्या कुळातील, म्हणजे शेंगवर्गीय आहे. दाण्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा प्रथिनांचा असतो, आणि त्यांपैकी काही प्रथिने अशी चिवट असतात की भाजण्याने किंवा पोटातील आम्लाने ती सहजी मोडत नाहीत. बहुतेकांचे शरीर त्यांना अन्न म्हणून ओळखते. काही मुलांचे शरीर मात्र त्यांना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे त्वचा, आतडी, श्वासनलिका येथील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी दाण्याचे प्रथिन शरीरात आले की ते या प्रतिपिंडांना चिकटते आणि मास्ट पेशी आपल्या पोटातील हिस्टामिन व इतर रसायने एकदम बाहेर ओततात. त्वचेत ती सांडली की गांध्या आणि सूज येते, आतड्यात सांडली की उलटी होते, श्वासनलिकेत सांडली की दम लागतो, आणि सगळीकडे एकदम सांडली की रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो. या शेवटच्या, सर्वांगाला व्यापणाऱ्या प्रकाराला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. तो काही मिनिटांत प्राणावर बेतू शकतो.

मग आमच्या भाच्याने त्या दिवसापूर्वी कधीही दाणा खाल्ला नव्हता, तर त्याच्या शरीराला शेंगदाण्याची ओळख आधी झाली कुठून? हा प्रश्न मला कित्येक दिवस छळत होता. त्याचे उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील संशोधनाने दिले आहे. अन्नाची पहिली ओळख जर तोंडावाटे, आतड्यातून झाली, तर शरीर बहुधा ते अन्न म्हणून स्वीकारते. पण तीच पहिली ओळख फुटलेल्या, खाजवून सोललेल्या त्वचेतून झाली, तर शरीर त्याला घुसखोर समजण्याची शक्यता वाढते. बाळाला इसब, म्हणजे एक्झिमा असेल, तर त्वचेची भिंत जागोजागी भगदाडे पडलेली असते. इंग्लंडमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ज्या मुलांच्या सुजलेल्या त्वचेवर शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे लावली गेली होती, त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी अधिक होती. घरातील धुळीतही दाण्याचे प्रथिन सापडते आणि इसब असलेल्या मुलांसाठी तेवढेही पुरेसे ठरू शकते, असे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले.

हे वाचले तेव्हा मला बहिणीच्या घरची पडवी आठवली. भाच्याला तिसऱ्या महिन्यापासून कोपराच्या आणि गुडघ्याच्या घड्यांत इसब होते, गाल तर कायम लाल आणि खरबरीत. आजी त्याला रोज लाकडी घाण्याचे शेंगतेल कोमट करून चोळत असत, तेही मनापासून, कारण त्यांच्या चारही लेकरांना त्यांनी तसेच चोळले होते. कारखान्यात शुद्ध केलेल्या रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात मात्र ते असते. शिवाय ओसरीवर शेंगा फोडणे, दाणे भाजणे, हाताने चोळून त्यांची साले पाखडणे आणि त्याच हातांनी बाळाला उचलणे, हे रोजचेच. तेवढ्यामुळेच अ‍ॅलर्जी झाली असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि आजींच्या माथी दोष मारण्याचा तर प्रश्नच येत नाही. पण ज्या बाळाला इसब आहे, त्याच्या अंगाला शेंगतेल लावू नये, त्याला घेण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, आणि मुळात त्या इसबाचा नीट उपचार करावा, इतके आता निश्चितपणे म्हणता येते. इसब 'दात येताहेत म्हणून' किंवा 'उष्णतेमुळे' आहे असे समजून वर्षभर तसेच सोडून देणे ही आपल्याकडची सार्वत्रिक चूक आहे. त्वचा ओलसर ठेवणारे मलम दिवसातून दोन-तीनदा भरपूर लावणे आणि गरज पडेल तेव्हा डॉक्टरांनी दिलेले सूज उतरवणारे मलम सांगितलेल्या दिवसांपुरते न घाबरता वापरणे, हा त्यावरचा साधा इलाज आहे.

आता तोंडाच्या वाटेकडे वळू. एकेकाळी डॉक्टर नेमके उलटे सांगत असत. १९९८ साली ब्रिटनमध्ये आणि २००० साली अमेरिकेत असा सल्ला दिला गेला की, ज्या मुलांना अ‍ॅलर्जीचा धोका अधिक आहे, त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊच नये. सल्ला सद्हेतूने दिला होता, पण त्या काळात अ‍ॅलर्जी कमी होण्याऐवजी वाढतच गेली, आणि २००८ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तो मागे घेतला. त्याच वर्षी एक लक्षणीय तुलना पुढे आली. ब्रिटनमधील ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्राएलमधील ज्यू मुलांच्या जवळजवळ दहापट होती. दोन्हीकडची मुले एकाच वंशाची. फरक इतकाच ठळक होता की, इस्राएलमध्ये बाळे वर्षाच्या आतच 'बांबा' नावाचा शेंगदाण्याचा, कुरमुऱ्यासारखा विरघळणारा खाऊ चघळू लागतात, तर ब्रिटनमध्ये त्यांना दाण्यापासून दूर ठेवले जाई.

हा योगायोग नाही ना, हे तपासण्यासाठी लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लीप' नावाचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, म्हणजे सर्वाधिक धोक्याची, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे त्यांनी निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाने पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा पूर्ण टाळला, दुसऱ्याने तो आठवड्यातून किमान तीनदा खाल्ला. ज्यांची त्वचेवरची चाचणी सुरुवातीला निर्दोष होती, त्यांपैकी टाळणाऱ्या गटात पाचव्या वर्षी १३.७ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी झाली, तर खाणाऱ्या गटात फक्त १.९ टक्क्यांना. ज्यांच्या त्वचेवर चाचणीत आधीच लहानशी गांधी उठली होती, त्यांच्यातही ३५.३ टक्के आणि १०.६ टक्के असा फरक पडला. या मुलांचा पाठपुरावा पुढेही चालू राहिला, आणि ती बारा-तेरा वर्षांची झाल्यावर, मधल्या काळात मनाला येईल तसे खाऊन किंवा न खाऊनही, लहानपणी मिळालेले संरक्षण बहुतांशी टिकून असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. वैद्यकशास्त्रात एखादा सल्ला इतका स्वच्छपणे उलटा फिरल्याची उदाहरणे थोडी आहेत.

म्हणूनच मला काळजी वाटते ती शहरात राहून आलेल्या, मोबाइलवर परदेशी चित्रफिती पाहणाऱ्या तरुण आईवडिलांची. शेंगदाणा म्हणजे जणू विषच, असे समजून ते दोन-तीन वर्षांपर्यंत बाळाला त्याचा कणही लागू देत नाहीत. इकडे घरभर मात्र कूट उडतच असते. म्हणजे तोंडाची वाट बंद आणि त्वचेची वाट उघडी! यापेक्षा आपल्या आज्यांची जुनी रीत बरी होती, ज्यात उष्टावणानंतर थोड्याच दिवसांत वरणात चिमूटभर कूट पडत असे.

प्रत्यक्षात द्यावे कसे? पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हा आपल्याकडचा नियम मोडण्याचे कारण नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरणाची निवळ, मऊ भात, नाचणीची पेज असे एक-दोन पदार्थ बाळाला जमू लागले, की शेंगदाणा देण्याची वेळ झाली. दाणे मंद आचेवर खरपूस भाजावेत, साले पूर्ण काढावीत, मिक्सरमध्ये अगदी बारीक करून ते कूट पीठ चाळण्याच्या चाळणीतून चाळून घ्यावे, आणि चाळणीत राहिलेली कणी बाळासाठी वापरू नये. हे बारीक कूट पेजेत किंवा पातळ वरणात मिसळून गुठळी न राहील असे फेटावे. पहिला दिवस असा निवडावा की बाळ ठणठणीत आहे, घरात एक मोठे माणूस दोन तास केवळ त्याच्याकडे पाहू शकेल, आणि दवाखाना उघडा आहे. सणाच्या धांदलीत किंवा रात्री झोपण्याआधी हा प्रयोग नको. प्रथम चमच्याच्या टोकावर येईल एवढेच द्यावे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, काही झाले नाही तर उरलेले हळूहळू भरवावे. ते मानवले की पुढे थोडे थोडे वाढवत आठवड्यातून तीनदा, दर वेळी सात-आठ दाण्यांचे कूट पोटात जाईल असे पाहावे. 'लीप' प्रयोगातील बाळांना आठवड्याला सहा ग्रॅम प्रथिन मिळत होते, आणि आठ ग्रॅम दाण्यांत सुमारे दोन ग्रॅम प्रथिन असते, यावरून हा हिशेब येतो. एकदा सुरू केल्यावर मध्येच महिनोन्महिने बंद करू नये.

मात्र ज्या बाळाला तीव्र इसब आहे, ज्याला अंडे किंवा दुसरा पदार्थ खाल्ल्यावर त्रास झालेला आहे, त्याला घरी पहिला घास देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. आधी चाचणी करायची की दवाखान्यातच पहिला चमचा भरवायचा, हे ते ठरवतील. या तपासणीसाठी वर्षभर थांबू नये, कारण जितका उशीर तितकी संधी निसटत जाते.

अख्खा किंवा फोडलेला दाणा मात्र पाच वर्षांखालील मुलाच्या हाती लागू देऊ नये, आणि याचे कारण अ‍ॅलर्जी नव्हे. दाढा न आलेल्या मुलाला दाणा चावता येत नाही. हसताना, रडताना किंवा पळताना तो श्वासनलिकेत जातो, तेथे ओलाव्याने फुगतो आणि त्याच्या तेलाने आसपास सूज येते. आपल्या भागात दुर्बिणीने मुलांच्या श्वासनलिकेतून ज्या वस्तू काढल्या जातात, त्यांत शेंगदाणा फार मोठ्या प्रमाणावर असतो, हे कोणतेही कान-नाक-घसा तज्ज्ञ सांगतील. 'दाण्यावर पाणी प्यायले की खोकला होतो' असे आपण म्हणतो, आणि त्या समजुतीमागे कधीकधी हाच अडकलेला दाणा लपलेला असतो. दाणे खाताना अचानक ठसका लागून नंतर खोकला किंवा छातीत एकाच बाजूला शिट्टीसारखा आवाज राहिला, अथवा 'एकाच बाजूचा न्यूमोनिया' पुन्हा पुन्हा होऊ लागला, तर डॉक्टरांना दाण्याची गोष्ट आवर्जून सांगावी. अशा वेळी गांध्या, ओठांची सूज किंवा उलट्या सहसा नसतात. अ‍ॅलर्जीत त्या बहुधा असतात.

अ‍ॅलर्जीची लक्षणे बहुतेक वेळा काही मिनिटांत आणि फार तर दोन तासांत दिसतात. तोंडाभोवती चार-दोन पुरळ आणि खाज, इतकेच असेल तर तो पदार्थ थांबवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने खाजेचे औषध देऊन मुलाकडे लक्ष ठेवावे. पण आवाज घोगरा होणे, सतत खोकला, घरघर, जीभ सुजणे, पुन्हा पुन्हा उलट्या, अंग फिके पडणे किंवा एरवी खेळकर बाळाने अचानक लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर तो अ‍ॅनाफिलॅक्सिस आहे असे समजूनच धावावे. बोलता न येणाऱ्या बाळात हे ग्लानीचे लक्षण फसवते. 'उलटी झाली, थकून झोपले' असे वाटते, आणि ती झोप नसते.

या अवस्थेवर पहिले औषध एकच, ते म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या ते आवळते, आवळलेल्या श्वासनलिका उघडते, आणि मास्ट पेशींचे ओतणे रोखते. सेटिरिझिन, एव्हिल यांसारखी औषधे फक्त खाज आणि गांध्या कमी करतात, स्टिरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात, आणि यांपैकी कोणतेही बंद होणारा श्वास उघडत नाही. आमच्या भाच्याच्या वेळी खाजेचे इंजेक्शन देऊन वाट पाहण्यात जे घडले, ते अनेक ठिकाणी घडते, कारण अ‍ॅड्रेनॅलिन म्हणजे हृदय थांबल्यावर द्यायचे औषध अशी समजूत काही जणांची अजून आहे. मुलांसाठी त्याची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम असते. १ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या नेहमीच्या काचेच्या कुपीतून दहा किलोच्या बाळाला ०.१ मिली, वीस किलोच्या मुलाला ०.२ मिली, आणि मोठ्या मुलालाही एका वेळी ०.३ मिलीहून अधिक नाही. ते मांडीच्या बाहेरील बाजूच्या मध्यावर स्नायूत देतात, आणि फरक न पडल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा देता येते. ही कुपी अत्यंत स्वस्त असते आणि जवळजवळ प्रत्येक सरकारी दवाखान्यात असते.

परदेशात पालकांजवळ याचे तयार पेन असते, झाकण काढून मांडीवर दाबले की झाले. आपल्याकडे तालुक्याच्या औषध दुकानात ते मिळत नाही. म्हणून निदान पक्के झालेल्या मुलाच्या पालकांना काही डॉक्टर कुपी आणि सिरिंज देऊन, वजनानुसार मात्रा कागदावर लिहून, प्रत्यक्ष हाताने सराव करून घेऊन ते घरी ठेवायला सांगतात. प्रशिक्षणाशिवाय कोणीही हे करू नये. पण ज्यांच्या गावापासून रुग्णालय तासाभराच्या अंतरावर आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे हा विषय स्वतःहून काढावा, असे माझे ठाम मत आहे. १०८ ला फोन करताना 'अ‍ॅलर्जी, श्वास लागतोय' हे शब्द आधी सांगावेत. रुग्णवाहिका येईपर्यंत मुलाला आडवे ठेवून पाय उंच करावेत, दम लागत असेल तर मांडीवर टेकून बसू द्यावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे, पण उभे करू नये आणि चालवू नये. बरे वाटल्यावरही काही तास रुग्णालयातच थांबावे लागते, कारण कधीकधी लक्षणे दुसऱ्यांदा उसळतात.

निदानाच्या बाबतीत पालकांची मोठी फसगत होते. साठ-सत्तर अन्नपदार्थांची यादी असलेली रक्ततपासणी करून तिच्यात लाल रंगाने दाखवलेले सगळे पदार्थ बंद करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि अशा घरातील मूल अ‍ॅलर्जीने नव्हे, उपासमारीने खंगते. रक्तात आयजीई सापडणे म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतलेली असणे. त्या पदार्थाने त्रास होईलच असे नाही. कर्नाटकात प्रौढांच्या मोठ्या पाहणीत सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई आढळले, तर खरी अ‍ॅलर्जी असण्याचा संभव शंभरात एकाच्या आसपास होता. आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांवरून अन्नाची 'संवेदनशीलता' सांगणाऱ्या तपासण्यांना तर काहीच आधार नाही. खरे निदान डॉक्टर प्रथम घडलेली हकिकत खोदून विचारून, मग नेमक्या त्याच पदार्थाची त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी करून, आणि शंका उरल्यास रुग्णालयात देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खाऊ घालून करतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तूर, मूग, हरभरा चालतात. त्यामुळे कुळ एक म्हणून डाळी बंद करणे चुकीचे आहे. काजू-बदामांच्या बाबतीत मात्र वेगळी तपासणी करून घ्यावी.

निदान झाल्यावर टाळणे सुरू होते, आणि मराठवाड्यात ते खरोखर कठीण आहे. बहिणीने कुटाच्या जागी कारळ आणि सुके खोबरे आणले, तळणासाठी करडईचे तेल, जे आपल्या मातीतलेच आहे. उपवासाचा दिवस सगळ्यांत धोक्याचा, कारण त्या दिवशी शेजारच्या प्रत्येक घरातून वाटी येते. मिठाईत काजूच्या नावाखाली शेंगदाणा घातलेला असू शकतो, म्हणून सुट्टी काजूकतली बंद. पाकिटावर मात्र शेंगदाण्याचा उल्लेख करणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, तो वाचण्याची सवय लावून घ्यावी. दाणे भाजल्याच्या नुसत्या वासाने जीव धोक्यात येण्याची भीती सहसा बाळगू नये. हात आणि ओटा साबण-पाण्याने धुतले की प्रथिन निघून जाते, सॅनिटायझरने जात नाही. शाळेत चिक्की वाटतात त्या दिवशी अशा मुलाला वर्गाबाहेर बसवू नये, त्याच्यासाठी राजगिऱ्याची साधी वडी ठेवावी आणि बाकीच्यांकडून हात धुऊन घ्यावेत. माझ्या वर्गात मी तेच करते. मुलाला दमा असेल तर तो काटेकोरपणे आटोक्यात ठेवावा, कारण बेफाम दमा आणि अन्नाची अ‍ॅलर्जी एकत्र आल्यावर धोका कितीतरी वाढतो.

पाचांपैकी साधारण एका मुलाची ही अ‍ॅलर्जी वयानुसार आपोआप जाते, म्हणून अधूनमधून पुन्हा तपासणी करतात. उरलेल्यांसाठी आता उपचार आहेत. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला शेंगदाण्याच्या पिठाची मोजून, मिलिग्रॅमच्या हिशेबात सुरुवात करून, महिनोन्महिने वाढवत नेण्याच्या पद्धतीला तोंडावाटे इम्युनोथेरपी म्हणतात. २०२० साली अमेरिकेत या पद्धतीचे पहिले औषध मंजूर झाले. ज्या चाचणीवर ते आधारले होते, तिच्यात औषध घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के मुले अखेरीस सुमारे दोन दाण्यांइतके प्रथिन त्रासाशिवाय पचवू शकली, औषधाविना हे केवळ ४ टक्क्यांना जमले. म्हणजे यातून मूल दाण्याचा लाडू खाऊ लागत नाही. चुकून पोटात गेलेल्या कणाने त्याचा जीव जात नाही, हा लाभ. २०२२ सालच्या दुसऱ्या एका चाचणीत एक ते तीन वर्षांच्या मुलांवर हाच उपचार केल्यावर, उपचार थांबवल्यानंतर सहा महिन्यांनीही साधारण पाचांतील एका मुलाची अ‍ॅलर्जी गेलेली आढळली, आणि वय जितके कमी तितका गुण अधिक होता. २०२४ साली अमेरिकेत ओमालिझुमॅब हे इंजेक्शनही अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी मंजूर झाले. ते आयजीईलाच वाटेत पकडते, पण ते महाग आहे आणि घेत राहावे लागते.

ही इम्युनोथेरपी वाचून काही पालकांच्या मनात येते की, मग आपणच घरी कणकण देऊन सवय का लावू नये? याचे उत्तर निःसंदिग्ध आहे: लावू नये. ज्या बाळाला अ‍ॅलर्जी झालेली नाही, त्याला कूट भरवणे हे प्रतिबंध आहे. ज्याला अ‍ॅलर्जी झाली आहे, त्याला तेच कूट भरवणे म्हणजे उपचार, आणि तो अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी असलेल्या प्रशिक्षित डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवा. मात्रा वाढवताना, ताप असताना किंवा पळून आल्यावर घेतलेल्या मात्रेनेही अशा मुलांना तीव्र त्रास झालेला आहे. डबा एकच, चमचा एकच, पण ही दोन बाळे वेगळी आहेत.

आमच्या घरात आता ती दोन्ही आहेत. भाच्याला गेल्या वर्षी बहीण झाली. डॉक्टरांनी तिची त्वचा तपासली, इसब नव्हते, तरी भावाचा इतिहास पाहून पहिला चमचा त्यांनी स्वतःच्या समोर भरवून घेतला. तिला काही झाले नाही. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार, भाऊ शाळेत गेला की आजी तिला घेऊन मागच्या अंगणात बसतात, वेगळ्या लाल झाकणाच्या डब्यातील चाळलेले कूट पेजेत कालवून भरवतात, मग तिचे तोंड, स्वतःचे हात आणि वाटी साबणाने धुतात, आणि लुगड्याच्या पदराला न पुसता वेगळ्या फडक्याला पुसतात. डब्यामागे भिंतीवर भाच्याचे वजन आणि अ‍ॅड्रेनॅलिनची मात्रा लिहिलेला कागद चिकटवला आहे. दर तीन महिन्यांनी वजन करून बहीण जुना आकडा खोडते आणि डॉक्टरांना विचारून नवा लिहिते.